चांदी हरली ती बोस्टनमध्ये

२८ नोव्हेंबर १९४२, शनिवारची रात्र. बोस्टनमधल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या नाइटक्लबात आग लागली. आत हजाराच्या आसपास माणसे होती, म्हणजे परवानगीच्या जवळजवळ दुप्पट. बाहेर पडण्याचे मुख्य दार गोल फिरणारे होते. दोन्ही बाजूंनी रेटा आला आणि ते जागच्या जागी अडकले. त्या रात्रीच्या आगीत एकूण ४९२ जणांचा जीव गेला. जखमींना जमेल तसे शहरातल्या रुग्णालयांत पोचवले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात आणलेल्यांपैकी बरेचसे दारातच गेलेले होते किंवा थोड्याच वेळात गेले. उपचारासाठी उरले ३९ जण.

भाजलेल्या माणसाचा पहिला दिवस निभावला म्हणजे तो वाचला असे नसते, हे कुठल्याही जळीत वॉर्डातली परिचारिका सांगेल. कातडी ही शरीराची तटबंदी. ती गेली की खाली उरते ते ओले, उबदार, रक्तपुरवठा तुटलेले मांस, आणि जिवाणूंना याहून चांगली जागा मिळत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी जखमेला वास येऊ लागतो, ताप चढतो आणि संसर्ग रक्तात उतरतो. त्या काळी जखमेवर टॅनिक अॅसिड लावून कडक खपली धरवण्याची पद्धत होती. ऑलिव्हर कोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाजूला ठेवली आणि जखमा व्हॅसलिन लावलेल्या मऊ गॉजने झाकल्या. मग न्यू जर्सीतल्या मर्क कंपनीच्या कारखान्यातून पोलीस बंदोबस्तात एक गाडी बोस्टनला निघाली. तिच्यात पेनिसिलिन असलेला ३२ लिटर द्रव होता. सामान्य नागरिकांना तोवर हे औषध ठाऊकही नव्हते. रुग्णांना दिलेला डोस पुढच्या काळाच्या मानाने अगदीच किरकोळ होता, त्यामुळे किती जण नेमके पेनिसिलिनमुळे वाचले हे ठरवणे अवघड आहे. पण त्या प्रवासाची बातमी झाली आणि लोकांच्या मनात एक नवे युग सुरू झाले.

हेच रुग्णालय पुढे तीसेक वर्षांनी एका वेगळ्या घटनेचे ठिकाण ठरले. तिची बातमी फारशी झाली नाही. मला ती आगीइतकीच महत्त्वाची वाटते. कारण आज प्रतिजैविके निकामी होत असताना चांदीच्या आयनांचे (म्हणजे विद्युतभारित अणूंचे) आणि नॅनोकणांचे नाव मोठ्या आशेने घेतले जाते आणि ‘चांदीपुढे जिवाणूंचे काही चालत नाही’ असे सर्रास छापून येते. बोस्टनच्या जळीत वॉर्डात त्यांचे चालले होते.

पेनिसिलिनच्या आधी चांदीचा चांगला दबदबा होता. जर्मनीत लाइपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे यांनी १८८० पासून प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एकेक थेंब काचेच्या कांडीने सोडायला सुरुवात केली. आईच्या जननमार्गातला परम्याचा जिवाणू जन्मताना बाळाच्या डोळ्यांत जाई आणि डोळे कायमचे जात. क्रेडेंच्या प्रसूतिगृहात सुमारे दहा टक्के बाळांना होणारा हा आजार त्या एका थेंबामुळे अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला. पुढे अनेक देशांत हा थेंब सक्तीचा झाला. अंधांच्या शाळांमधल्या किती जागा यामुळे रिकाम्या राहिल्या असतील, हा विचार मला फार समाधान देतो.

चांदीचे हे बळ कशात आहे, याचा माग स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी शेवाळावर घेतला. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यात नुसती नजरेला न दिसण्याइतकी चांदी उतरली तरी शेवाळाच्या पेशी मरतात, असे त्यांनी दाखवले. आणि ज्याला आज आपण नॅनोचांदी म्हणतो तीही तेव्हाचीच. फिलाडेल्फियाच्या कॅरी ली यांनी १८८९ मध्ये चांदीचे कण पाण्यात तरंगते ठेवण्याची कृती प्रसिद्ध केली. पुढच्या शतकात ती कृती पुन्हा करून पाहिली तेव्हा कणांचा व्यास सात ते नऊ नॅनोमीटर भरला. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. क्रेडेंचे चिरंजीव बेन्नो हे शल्यचिकित्सक. त्यांनी १८९७ च्या सुमारास अशीच चांदी ‘कोलार्गोल’ या नावाने जखमांसाठी वापरात आणली. म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून जे आपल्यापुढे आले, ते लाल-पिवळ्या द्रावणाच्या रूपात औषधाच्या दुकानात आपल्या खापरपणजोबांच्या काळीच मिळत होते.

पेनिसिलिन आले, पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन आले, आणि चांदीच्या बाटल्या कपाटाच्या मागच्या फळीवर गेल्या. मात्र जळीत वॉर्डात प्रतिजैविकांची चमक लवकर ओसरली. जळालेल्या मांसात रक्त पोचत नाही, तिथे रक्तातून दिलेले औषध तरी कसे पोचणार? शिवाय एक जिवाणू दबला की दुसरा डोके वर काढी. सर्वांत भीती वाटायची ती स्यूडोमोनासची. त्याने गॉजवर हिरवट डाग पडायचे, गोडसर वास यायचा आणि ते दिसले की डॉक्टरांचे चेहरे उतरायचे. १९६० च्या आसपास मोठ्या भाजलेल्या रुग्णांचा मृत्यू बहुधा याच वाटेने होई.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल मॉयर हे शल्यचिकित्सक होते. त्यांना जखमेवर वरूनच लावता येईल असे काहीतरी हवे होते. ते जिवाणू मारणारे, नवी कातडी न जाळणारे आणि प्रतिजैविकांसारखे चार महिन्यांत निकामी न होणारे असावे, असा त्यांचा शोध होता. ते आणि त्यांचे सहकारी जुन्या सिल्व्हर नायट्रेटपाशी येऊन थांबले. आधीच्या पिढ्यांनी ते पाच-दहा टक्क्यांचे, म्हणजे मांस भाजेल इतके तीव्र वापरले होते. मॉयरांनी ते ०.५ टक्क्यावर आणले. एवढ्या पातळ द्रावणातही स्यूडोमोनास मरत होता आणि कडेने सरकत येणाऱ्या नव्या कातडीला इजा होत नव्हती. १९६५ मध्ये त्यांनी या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला आणि चांदी रुग्णालयात परत आली.

हा उपचार परिचारिकांसाठी कसा होता, ते सांगायलाच हवे. जखमेवर जाड गॉजचे थरावर थर गुंडाळायचे आणि ते द्रावणाने चिंब भिजवायचे. दर दोन तासांनी पुन्हा ओले करायचे. ड्रेसिंग सुकले तर द्रावण घट्ट होऊन मांस जाळणार, म्हणून रात्रपाळीतही खंड नाही. सिल्व्हर नायट्रेटला उजेड लागला की ते काळे पडते. चादरी, उशा, फरशी, आंघोळीचे टब, परिचारिकांची बोटे, नखे, गणवेश, सगळ्यांवर ते काळे डाग बसत आणि धुऊन जात नसत. याहून मोठे संकट डोळ्यांना दिसत नसे. चांदी मीठ ओढून घेते. जखमेतल्या क्लोराइडशी तिचा संयोग होऊन ते पांढरा साका होऊन बसते, आणि द्रावण जवळजवळ नुसते पाणीच असल्यामुळे शरीरातले सोडियमही जखमेवाटे त्यात झिरपत जाते. लहान मुलाच्या रक्तातले मीठ काही तासांत इतके उतरे की त्याला झटके येत. म्हणून रक्ततपासणी वारंवार करायची आणि मीठ भरून काढत राहायचे. एवढे करूनही डॉक्टर या उपचाराला चिकटून राहिले, कारण हिरवे डाग कमी झाले होते.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फाडायझिन हे सल्फा जातीचे औषध यांचा संयोग करून एक टक्क्याचे पांढरे मलम तयार केले. त्यातून चांदी हळूहळू सुटते, मीठ ओढले जात नाही, चादरी काळ्या पडत नाहीत. आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यातही भाजलेल्या हातावर जे पांढरे मलम लावतात, ते बहुतेक वेळा हेच असते.

चांदीचा हा दुसरा दबदबा दहा वर्षेही टिकला नव्हता, तोच बोस्टनमध्ये ती गोष्ट घडली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मॅसॅच्युसेट्स जनरलच्या जळीत विभागात रुग्णांच्या जखमांमध्ये साल्मोनेला टायफिम्युरियम सापडू लागला. हा एरवी शिळ्या-नासक्या अन्नातून पोटात जाणारा जिवाणू. जळीत वॉर्डात त्याचे काय काम? आणि जखमा तर सिल्व्हर नायट्रेटने भिजवलेल्या होत्या. अॅम्पिसिलिन दिले, उपयोग झाला नाही. क्लोरॅम्फेनिकॉल हे साल्मोनेलाविरुद्धचे त्या काळातले हुकमी औषध, त्याचाही उपयोग झाला नाही. प्रयोगशाळेत जिवाणू चांदी मिसळलेल्या आगार या पोषक माध्यमावर वाढवून पाहिला, तर जिथे इतर जिवाणू मरत होते तिथे तो आरामात वाढला. तीन रुग्ण दगावले. अखेर विभागच बंद करावा लागला. मॅकह्यू, मोलरिंग, हॉपकिन्स आणि स्वॉर्ट्झ या चौघांनी १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे सगळे मांडले.

त्या निबंधातला खरा धक्का असा की चांदीला दाद न देण्याची क्षमता आणि दोन्ही प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता एकाच जिवाणूपाशी एकत्र होती. ती प्लाझ्मिडवर होती. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त पेशीत असणारे डीएनएचे छोटे वर्तुळ. जिवाणू त्याची प्रत शेजाऱ्याला देऊ शकतो आणि तो शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालते. मग रुग्णाला अॅम्पिसिलिन दिले की ते वर्तुळ बाळगणारेच जिवाणू टिकणार, आणि त्यांच्याबरोबर चांदीचा प्रतिकारही आपोआप पोसला जाणार. जखमेवर चांदी लावली तरी तेच होणार, फक्त उलट्या दिशेने. ‘प्रतिजैविके चालत नाहीत म्हणून चांदी’ हा सरळ वाटणारा विचार इथे अडखळतो.

यानंतर वीसेक वर्षे हा विषय मागे पडला. प्रतिजैविकांची नवी पिढी आली होती, चांदीचा प्रतिकार क्वचित आढळणारी चीज समजली गेली. या काळात ज्यांनी तो धागा सोडला नाही, त्यांत पुण्याचे संशोधक होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. पुणे विद्यापीठात देशपांडे आणि बाळू चोपडे यांनी अॅसिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूच्या एका वाणाचा अभ्यास केला. तो रुग्णाकडून आलेला नव्हता, पर्यावरणातून मिळवलेला होता. तो १३ धातूंना आणि १० प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. चांदीचा प्रतिकार आणि त्यांतल्या काही प्रतिजैविकांचा प्रतिकार एकाच प्लाझ्मिडवर असल्याचे त्यांनी दाखवले, आणि ते प्लाझ्मिड ई. कोलाय या जिवाणूमध्ये गेल्यावर त्यालाही तो गुण लाभल्याचे नोंदवले. हा निबंध १९९४ चा. आज हाच अॅसिनेटोबॅक्टर देशभरच्या अतिदक्षता विभागांत डॉक्टरांची झोप उडवतो आहे. त्याची ही दुहेरी ताकद गणेशखिंडीतल्या प्रयोगशाळेत तीस वर्षांपूर्वी नोंदली गेली होती.

बोस्टनच्या साल्मोनेलाचे प्लाझ्मिड मात्र प्रयोगशाळांनी जपून ठेवले होते. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात सायमन सिल्व्हर आणि अमित गुप्ता, मात्सुई, लो या सहकाऱ्यांनी त्यातला चांदीचा भाग उलगडला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. एका ओळीत बसलेल्या नऊ जनुकांचा तो संच निघाला. एक जोडी पहारा देते: पेशीच्या वेष्टनात चांदी शिरली की तिला कळते आणि बाकीची जनुके कामाला लागतात. एक प्रथिन वेष्टनातल्या पोकळीतच चांदीचे आयन पकडून ठेवते, म्हणजे ते आत पोचतच नाहीत. आणि दोन पंप असतात. त्यांतला एक आयनांना तीन प्रथिनांच्या नळीतून थेट पेशीबाहेर टाकतो, दुसरा आतल्या आवरणातून मागे ढकलतो. बोस्टनचे रुग्ण गेल्यावर पाव शतकाने त्यांच्या जखमेत नेमके काय चालले होते ते समजले. शिवाय याच गटाने पुढे पाहिले तेव्हा याच कुळातल्या इतर प्लाझ्मिडांवरही ही जनुके सापडली. बोस्टनची घटना हा योगायोग नव्हता.

नेमक्या याच सुमारास नॅनोचांदीची लाट आली. कॅनडातल्या रॉबर्ट बरेल यांनी विकसित केलेले नॅनोस्फटिकी चांदीचे ड्रेसिंग १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. ओले ठेवले की त्यातून अनेक दिवस चांदी सुटत राहते, त्यामुळे दर दोन तासांचे ते भिजवणे संपले. भाजलेल्या लेकराचे ड्रेसिंग दिवसातून कितीदा सोडायचे, यावर त्याचे रडणे ठरते. हा बदल लहान नव्हता. मग चांदी मोज्यांत आली, कपड्यांत आली, वॉशिंग मशीनमध्ये आली, पाण्याच्या फिल्टरमध्ये आली. टाटांचा ‘स्वच्छ’ हा फिल्टर २००९ मध्ये आला, त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते. वीज नसलेल्या घरात पिण्याचे पाणी सुरक्षित करण्यासाठी हा उपयोग मला योग्यच वाटतो. त्याच वर्षी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी त्वचेवर लावायच्या नॅनोचांदीच्या जेलवरचा निबंध प्रसिद्ध केला. नेहमीच्या पांढऱ्या मलमापेक्षा कितीतरी कमी चांदीत काम भागवणे हा त्यामागचा विचार होता, आणि तो दिशेने बरोबर आहे. मोज्यांना वास येऊ नये म्हणून चांदी वापरणे मात्र मला अक्षम्य वाटते. ती चांदी धुण्याच्या पाण्यातून गटारात जाते, आणि गटारातल्या जिवाणूंना मारण्याइतपत नव्हे, पण शिकवण्याइतपत पुरते.

कण मारतात की आयन, हा वाद बराच काळ चालला. २०१२ मध्ये टेक्ससच्या राइस विद्यापीठातल्या पेद्रो आल्वारेझ यांच्या गटाने तो जवळजवळ निकालात काढला. त्यांनी प्राणवायू पूर्ण काढून टाकलेल्या पेटीत नॅनोकण आणि ई. कोलाय एकत्र ठेवले. प्राणवायू नाही म्हणजे कणाचा पृष्ठभाग गंजत नाही, म्हणजे आयन सुटत नाहीत. अशा अवस्थेत आयनांच्या मारक मात्रेच्या हजारो पट नॅनोकण घातले तरी जिवाणू मेले नाहीत. म्हणजे कण ही आयनांची साठवणूक आहे. लहान कणाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून तो आयन वेगाने सोडतो. सुटलेला आयन मग प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून श्वसनाची यंत्रणा बंद पाडतो. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: मात्रा मारक पातळीच्या खाली असेल, तर काही वेळा जिवाणू उलट अधिक तग धरतात.

असे असेल तर बोस्टनच्या पंपांना कणांचेही भय नाही, असेच म्हणावे लागते. पण जिवाणूंनी कणांसाठी वेगळी युक्तीही काढली. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत्सच्या पालाकी विद्यापीठात आलेश पानाचेक यांच्या गटाने ई. कोलाय आणि स्यूडोमोनास पुन्हा पुन्हा थोड्या नॅनोचांदीत वाढवले. काही पिढ्यांत त्यांनी प्रतिकार मिळवला, आणि त्यांच्या जनुकांत तर काहीच बदल नव्हता. ज्या प्रथिनापासून त्यांची पोहण्याची शेपटी बनते, ते फ्लॅजेलिन ते बाहेर सोडत होते. त्यात कण अडकून गोळा होत आणि तळाशी बसत. २०१८ चा हा निबंध. फ्लॅजेलिन बनणे डाळिंबाच्या सालीच्या अर्काने दाबले की जिवाणू पुन्हा मरू लागत, हेही त्यांनी दाखवले.

चांदीची सर्वांत आशादायक वाट मला वेगळीकडे दिसते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने फार थोडी चांदी प्रतिजैविकाबरोबर दिली. चांदीने जिवाणूचे बाह्य आवरण सैल केले आणि प्रतिजैविकाची ताकद दहा ते हजार पटींनी वाढली. एरवी ज्या जातीच्या जिवाणूंत व्हँकोमायसिन शिरूच शकत नाही, तिथे ते शिरले. उंदरांमधल्या मूत्रमार्गाच्या संसर्गात चांदी आणि प्रतिजैविकाची जोडी उपयोगी ठरली. माणसांपर्यंत ते पोचायला विषारीपणाचे बरेच प्रश्न सुटायचे आहेत, पण चांदीला एकटीने लढायला लावण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे.

जखमांच्या उपचाराशी संबंधित तज्ज्ञांनी २०१२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मत मांडले: चांदीचे ड्रेसिंग दोन आठवडे वापरावे, मग जखम तपासून थांबायचे की नाही ते ठरवावे. हा नियम पाळायला सोपा आहे. अडचण वेगळीच आहे. आपल्या कुठल्याही रुग्णालयातला कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट हातात घेऊन पाहा. त्यात अॅमिकासिन असते, मेरोपेनेम असते, कोलिस्टिन असते आणि प्रत्येकापुढे जिवाणू दाद देतो की नाही ते लिहिलेले असते. चांदीचा रकाना त्यात नसतो, कारण जिवाणू चांदीला दाद देतो की नाही हे ठरवण्याची सर्वमान्य मर्यादाच अजून आखलेली नाही. १९७० च्या दशकात बोस्टनच्या डॉक्टरांनी ती तपासणी आपल्या जबाबदारीवर केली, म्हणून तरी आपल्याला कळले. जळीत वॉर्डातल्या प्रत्येक नमुन्याची चांदीसाठी तपासणी होईल अशी पद्धत बसवणे, त्यासाठी मर्यादा ठरवणे आणि निकाल एकत्र नोंदवत जाणे, हे काम पुणे-मुंबईतल्या प्रयोगशाळांना करता येण्यासारखे आहे, आणि ते नॅनोचांदीचे पुढचे उत्पादन बाजारात येण्याआधी सुरू व्हायला हवे.